बाळंतपणात बाप कुठे असतो?

ऑफिसात एखादी मुलगी गरोदर असल्याचं कळलं की दोन दिवस अभिनंदन चालतं आणि तिसऱ्या दिवशी हिशेब सुरू होतो. "म्हणजे मार्चएंडला ही नाही." "सहा महिने हिचं टेबल कोण ओढणार?" "बायकांची मजा आहे बुवा, घरी बसून पगार!" नगरमधल्या खाजगी कंपन्यांच्या अकाउंट्स खात्यांत माझी पंधरा वर्षं गेली. हे संवाद मला तोंडपाठ आहेत.

बोलणारी माणसं वाईट नसतात. त्यातलाच एखादा तिच्यासाठी घरून चिंच-कैरी घेऊन येतो. शिवाय त्या कुरकुरीत तथ्य आहे. तिची रजा मंजूर होते, पण तिच्या जागी बदली माणूस येत नाही. तिची बिलं, तिचे जीएसटी रिटर्न शेजारच्या दोन टेबलांवर वाटले जातात आणि त्या दोघांचा पगार आहे तेवढाच राहतो. राग येणारच. मालकावर काढता येत नाही, म्हणून तो पोटुशीवर निघतो.

1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी बारा आठवड्यांची भरपगारी रजा 26 आठवड्यांची झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघरही सक्तीचं झालं. कायदा चांगला आहे, यात वाद नाही. पण पैसे कोण देतं ते पाहा. जी बाई ईएसआयखाली येते, म्हणजे जिचा पगार 21,000 रुपयांच्या आत आहे, तिचे पैसे ईएसआय देतं. त्याच्या वर पगार असलेल्या बाईचे सहा महिने मालकाच्या खिशातून जातात. सरकारने हक्क दिला आणि पावती मालकाच्या नावाने फाडली.

त्याचा परिणाम मुलाखतीत दिसतो. "लग्न झालंय का? कधी? मग पुढचं काय ठरलंय?" यातलं 'पुढचं' म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. माझ्या भाचीला बी.कॉम. झाल्यावर दोन ठिकाणी हाच प्रश्न आला. आमच्या घरांत मुलगी नोकरीच्या मुलाखतीपर्यंत पोचते तीच मुळात अब्बा, भाई, चाचा अशा चौघांची समजूत घालून. एवढं करून ती उंबरठ्याबाहेर पडली, आणि समोरच्याला रस तिच्या टॅलीत नाही, तिच्या पोटात. तिच्यानंतर आत गेलेल्या मुलाचंही लग्न ठरलेलं होतं. त्याला कुणी काही विचारलं नाही. विचारायचं कारणच काय? बाप झाल्याने त्याचा एक दिवसही बुडणार नसतो.

माझ्या मते गाठ इथेच आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पितृत्व रजा 15 दिवस मिळते. खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही दिवस नाही; मालकाने मनाने दिली तर दिली. आपल्या राज्य सरकारने 2018 मध्ये महिला कर्मचाऱ्यांसाठी 180 दिवसांची बालसंगोपन रजा आणली. तीत पुरुषालाही जागा आहे, पण केव्हा? पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल, तर. बाई उठून उभी राहू शकते तोवर बापाचं घरी काम नाही, असाच याचा अर्थ झाला.

मला मुलगी झाली तेव्हा दोन दिवसांची किरकोळ रजा मिळाली, तीही "तू काय दूध पाजणार आहेस का?" या विनोदासकट. बायको माहेरी, श्रीरामपूरला होती. धावतपळत तिथे पोचलो, तर खोलीच्या दारातच तिच्या खालांनी अडवलं. "तुमे बाहर बैठो, मर्दां का यां क्या काम?" ऑफिसातला मराठी विनोद आणि सासरचं दखनी वाक्य, दोन्हींचा अर्थ एकच. ऑफिस आणि घर यांचं एरवी कशावरच एकमत होत नाही, बापाला बाहेर बसवण्यावर मात्र लगेच होतं. ऑफिस रजा देत नाही, कारण घरी त्याची गरज नसते असं ते धरून चालतं. घर त्याला हाक मारत नाही, कारण त्याला रजा मिळणार नाही हे घराला ठाऊक असतं.

माहेरच्या बाळंतपणाची पद्धत टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. सातव्या महिन्यातला सतवासा, मग माहेर, मग चाळीस दिवसांचा चिल्ला. शेजारच्या हिंदू घरात त्यालाच सव्वा महिना म्हणतात. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक आणि मालिश दोन्हीकडे सारखीच. दमलेल्या शरीराला आईच्या हाताखाली विसावा मिळतो, तो कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. पण हा विसावा उभा असतो तो दुसऱ्या एका बाईच्या बिनपगारी रजेवर, हे आपण मोजत नाही. आजची नानीही कुठे ना कुठे कामाला असते. संगमनेरची नानी विड्या वळते, आणि तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने असते. लेकीचं बाळंतपण करायचं म्हणजे चाळीस दिवस सूप बाजूला ठेवायचं. विडी कामगार बाईला स्वतःच्या बाळंतपणाचा लाभ कायद्याने आहे. लेकीच्या बाळंतपणाचा नाही.

या चाळीस दिवसांत बाप काय शिकतो? काहीच नाही. दर रविवारी फळांची पिशवी घेऊन जातो, चहा पितो, परत येतो. पुढे बायको बाळाला घेऊन घरी येते तेव्हा तिला सगळं येत असतं आणि त्याला लंगोटही बांधता येत नाही. मग आयुष्यभर तो घरात 'मदत' करतो.

आमच्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातला. 5 ऑक्टोबर 2019 रोजी त्याला मुलगी झाली तेव्हा तो विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी खेळत होता. कसोटी दुसऱ्या दिवशी संपली, मग त्याने लेकीचं तोंड पाहिलं. पुढच्याच वर्षी विराट कोहली पहिल्या बाळासाठी ऑस्ट्रेलिया दौरा अर्धवट सोडून परतला. त्याआधीच्या ॲडलेड कसोटीत संघ 36 धावांत गुंडाळला गेला होता, त्यामुळे कोहलीला काय काय ऐकावं लागलं ते आठवत असेल. कप्तानपद रहाणेकडे आलं. मेलबर्नला त्याने शतक काढलं आणि 19 जानेवारी 2021 ला ब्रिस्बेनला मालिका 2-1 ने जिंकली. संघाकडे बदली माणूस होता, म्हणून कप्तानाची रजा पचली. आमच्या ऑफिसात तो नसतो, म्हणून एका क्लार्कची रजाही पचत नाही.

हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी 2017 मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खाजगी विधेयक मांडलं होतं. 15 दिवसांची रजा, ती तीन महिन्यांपर्यंत वाढवता येईल अशी त्यात सोय होती. त्याचा कायदा झाला नाही आणि 2021 मध्ये सातवही गेले. बापालाही सक्तीची रजा असती, तर मुलाखतीत मुलीला वेगळा प्रश्न विचारण्यात मालकाला फारसा फायदा उरला नसता. अर्थात तिचे सहा महिने आणि त्याचे पंधरा दिवस यांत अंतर आहेच, आणि पैसे पुन्हा एकट्या मालकाच्याच डोक्यावर बसले तर तो बापांनाही टाळेल. त्यासाठी ईएसआयसारखा सगळ्यांनी भरलेला फंड हवा.

"हे सगळं शहरी फॅड आहे, आपल्यात असं नसतं," असं आमचे काही बुजुर्ग म्हणतात. त्यांना मी बद्रची आठवण देतो. हिजरी सन 2. मूठभर मुसलमान, एकेक माणूस मोलाचा. आणि त्या वेळी हजरत उस्मान (रजि.) मदिनेत थांबले, कारण त्यांची पत्नी, पैगंबरांची (स.) कन्या रुकय्या (रजि.) आजारी होती. थांबायला खुद्द पैगंबरांनीच सांगितलं. लढाईनंतर उस्मान यांना हजर असलेल्यांइतकाच वाटा दिला आणि पुण्यही तेवढंच सांगितलं. आजारी बायकोसाठी रजा, आणि तीही भरपगारी! रजा मागणाऱ्याला 'बायकोचा गुलाम' म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग मशिदीत शंभर वेळा ऐकलेला असतो.

मातृत्वाचा कायदा साधारणपणे दहा माणसांच्या वरच्या दुकाना-आस्थापनांना लागतो. नगरमध्ये आपल्या लोकांची गॅरेजं आहेत, बेकऱ्या आहेत, फर्निचरचे कारखाने आहेत; बहुतेक ठिकाणी कामाला पाच-सात पोरं. तिथे विधेयकाची वाट कशाला बघायची? अकीका सातव्या दिवशी असतो. तेवढे सात दिवस पगार न कापता पोराला घरी सोडा. माझ्या ओळखीच्या एका बेकरीवाल्याने मागच्या हिवाळ्यात सोडलं. भट्टीवर सात दिवस तो स्वतः उभा राहिला, पावाची एक घाणी करपवली, आणि त्यावरून पोरं त्याला अजून चिडवतात.