फॉरवर्ड फळ्यावर घ्या!

पालकहो, गुरुजनहो, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो,

सकाळी शाळेच्या फाटकावर मोबाइल जप्त होतो आणि रात्री नऊला त्याच शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. पाचवीचं पोर दहा-अकरा वर्षांचं, आणि व्हॉट्सअ‍ॅपची स्वतःचीच अट तेराची! अभ्यासाच्या नावाखाली बापाचा फोन पोराच्या हाती जातो. गृहपाठ दहा मिनिटांत उरकतो, रील्स मात्र आई ओरडेपर्यंत. कोरोनात शाळांना कुलपं होती, तेव्हा इलाज नव्हता. आज फळा आहे, खडू आहे, समोर पोरं बसलेली आहेत. तरी ग्रुप सुटत नाही. याला म्हणे डिजिटल शिक्षण! आम्ही याला अंग काढून घेणं म्हणतो.

दुसरीकडे बंदीवाले. वर्गात मोबाइलचं नाव काढलं तरी त्यांना विटाळ होतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. गावानं एकमतानं केलेलं काम आहे, कौतुकच आहे. पण साडेआठनंतर काय? त्या वेळी पडद्यावर येईल ते पारखायला कोण शिकवणार?

न पारखण्याची किंमत आठवा. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, साक्री तालुका. आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी पोरं पळवणारे ठरले आणि जमावानं त्यांना ठेचून मारलं. अफवा मोबाइलवरून आली होती. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतला होता, मुलांच्या सुरक्षेसाठी मुद्दाम बनवलेला. मोटारसायकलवाले मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तो शेवटच कुणीतरी कापला होता. पुढं व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. कंपनीनं तेवढं तरी केलं. आपल्या शाळांनी काय केलं?

आमची मागणी साधी आहे. मुलांच्या हातात फोन नको, ग्रुपवर गृहपाठ नको. आठवड्यातून एक तास गुरुजींनी गावात फिरणारा एक फॉरवर्ड फळ्यावर उतरवावा आणि पोरांकडून त्याची चिरफाड करून घ्यावी. तारीख कुठाय? गाव कुठलं? पाहिलं कुणी, की नुसतं ऐकलं? ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’ असं लिहिणाऱ्याला एवढी घाई कसली? हा मराठीचाही तास आहे, इतिहासाचाही. सुरुवात हवी तर ‘युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं’ या लोणकढी थापेपासून करा. ती स्टाफरूममध्येही मुरलेली आहे, म्हणून गुरुजींचाही अभ्यास होईल.

केरळातल्या कण्णूर जिल्ह्यात २०१८ साली सरकारी शाळांतून खोट्या बातम्या ओळखायचे वर्ग झाले. तिथं जमलं.

‘पोर्शन पुरा होत नाही,’ हे उत्तर येणारच. निवडणुकीच्या याद्यांपासून पोषण आहाराच्या हिशेबापर्यंत सगळं शिक्षकांच्या माथी मारलं जातं, ही तक्रार खरीच आहे. त्यासाठीही भांडू, तुमच्या बाजूनं. पण हा एक तास सोडणार नाही. येत्या पालकसभेत विषय मांडा, ठराव लिहून घ्या.

आणि हो, हे पत्रकसुद्धा तसंच मानू नका. राईनपाड्याची तारीख तपासा. चूक निघाली तर शाळेच्या फळ्यावर आमची चिरफाड करा.

— गावातले काही पालक आणि शिक्षक