पांढऱ्या पट्टीखालच्या सहा ओळी



गेल्या महिन्यात मोठ्या गटाला आम्ही पंडिता रमाबाईंवरचा दोन पानी उतारा वाचायला दिला. उतारा आमचाच, हाताने लिहिलेला आणि नेहमीप्रमाणे हॉलमधल्या मशीनवर झेरॉक्स काढलेला. दुसऱ्या पानावर मध्येच रिकामी जागा होती, आणि तिच्या चारी बाजूंनी पुसट काळी रेघ उमटली होती. अकरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीने कागद डोळ्यांजवळ नेला आणि विचारले, "ताई, इथे तुम्ही काहीतरी झाकलंय का?"

झाकले होते. मूळ कागदावर आम्ही पांढरी पट्टी चिकटवली होती. त्या सहा ओळींत एवढेच लिहिले होते की रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या सगळ्या संकटांत येशूवरच्या श्रद्धेने आपल्याला उभे ठेवले असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ती मुलगी नगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) मराठी ख्रिस्ती घरातली आहे. तिला काय उत्तर द्यावे ते आम्हाला त्या क्षणी सुचले नाही. आम्ही "वेळ संपली" असे काहीतरी म्हणालो. वेळ संपली नव्हती.

पट्टी का लावली तेही सांगतो. वर्षाच्या सुरुवातीच्या सभेत दोन पालक म्हणाले होते की वर्ग भाषेचा आहे, धर्माचा नको. म्हणणे योग्यच होते आणि त्यात कोणाचा आकसही नव्हता. पण त्याचा अर्थ आम्ही आमच्या सोयीने लावला. याच वर्गात आपण तुकारामांचे अभंग शिकवतो. तेव्हा विठ्ठलावर पट्टी लावतो का? गणपतीत आरती म्हणतो, आणि ती म्हणायला हीच मुलगी पहिल्या रांगेत असते. मग पट्टी फक्त तिच्याच घरच्या देवावर का लागली, हा प्रश्न तिने विचारला नाही. आम्हीच स्वतःला विचारला, आणि उत्तर फारसे आवडले नाही.

आमचे मत असे झाले आहे की त्या सहा ओळी काढल्या तर रमाबाईंची गोष्ट समजतच नाही. मुलांनो, जरा क्रमाने पाहा. दुष्काळात काही महिन्यांच्या आत त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरलेल्या भावाबरोबर त्या देशभर पायी फिरल्या. 1878 साली कलकत्त्याला पोहोचल्या तेव्हा त्यांचे संस्कृत ऐकून तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' ही पदवी दिली. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि 1882 च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने पती गेले. पदरात मनोरमा, वर्षाचीही नाही. तेव्हा रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या. पुढच्या वर्षी तेवढ्याशा मुलीला घेऊन त्या बोटीने इंग्लंडला आल्या. आपण इथे पहिल्यांदा आलो तेव्हा विमानतळावर कोणीतरी घ्यायला तरी आले होते.

मोठ्यांसाठी आणखी एक गोष्ट, कारण ती आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बाप्तिस्मा घेतला आणि रमाबाईंचे सगळे सुरळीत झाले, असे घडले नाही. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत, आणि त्याच काळात वाँटेजच्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घालीत. सांगितले म्हणून मानायचे, हे त्यांना जमले नाही. पुढे 1907 साली आपल्या आत्मकथनात त्यांनी प्रांजळपणे लिहिले की बाप्तिस्म्यानंतरची कितीतरी वर्षे आपण धर्म स्वीकारला होता, पण ख्रिस्त आपल्याला सापडला नव्हता. श्रद्धा ही एका दिवसात अंगावर चढवायची वस्तू नाही, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे माणूस आम्हाला विश्वासार्ह वाटते.

1889 साली मुंबईत त्यांनी विधवा मुलींसाठी शारदा सदन काढले, नंतर ते पुण्याला नेले. मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून 1893 साली मोठे वादळ झाले. पाठीशी असलेली मोठी माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. (धर्मांतराबद्दल तेव्हा घातली गेलेली भीती आणि राग दोन्ही खरे होते. त्यावर आपल्या वर्गातही दोन मते असतील आणि असू द्यावीत.) सदन बंद झाले नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. तेव्हा पुण्यात प्लेग. शहरात इतक्या जणींना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर त्यांची सोय केली. तेच मुक्ती सदन. ज्या बाईचे आईवडील दुष्काळाने नेले, तिने दुष्काळातल्या मुली वेचून आणल्या, यावर आम्ही वेगळे काही लिहीत नाही.

त्या पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करू लागल्या. साध्या म्हणजे केडगावच्या मुलींना वाचून कळेल अशा. काम सुमारे अठरा वर्षे चालले. खिळे जुळवायला आणि छापायला त्याच मुली. 1921 च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या, आईच्या हयातीत. रमाबाईंना तोवर ऐकू कमी येत होते, प्रकृती ढासळली होती. भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला.

आता सांगा, यातला आधार कापून उरलेली 'समाजसुधारक' एवढीच पाटी मुलांच्या हातात दिली तर ती मुले काय शिकणार? रमाबाई 'फार हिंमतवान' होत्या म्हणून हे झाले, असे आपण सांगतो. हिंमत कुठून आणली, हे पट्टीखाली.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहेत. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाई कट्टर सोवळ्यातल्या. काही वर्षे ताटातूट, माहेरच्यांचा आधार, लोकांची बोलणी, लहान मुलगा. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याच्या सांगण्याने नव्हे, स्वतः विचार करून. आणि एवढे सगळे त्यांनी लिहिले ते हसवत हसवत! आम्हाला वाटते, श्रद्धा असलेल्या माणसाने सदा गंभीर चेहऱ्याने वावरावे हा गैरसमज या एका पुस्तकाने दूर व्हावा.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण जुनी माणसे नाहीत. त्या मुलीच्या घरी गेल्या हिवाळ्यात काय चालले होते, ते तिच्या आईबाबांच्या परवानगीने लिहीत आहोत. बाबांची नोकरी गेली. दीड महिन्यातच आईचे आजारपण कळले आणि उपचार सुरू झाले. त्या चार महिन्यांत या कुटुंबाचा एक शनिवार चुकला. चहाच्या पाळीच्या दिवशी बाबा एकटे आले, चहा थोडा जास्त उकळला, पण आला. आमच्यापैकी एकजण त्यांना म्हणाली, "भाऊ, या वेळची पाळी सोडायची होती." ते म्हणाले, "ताई, रात्री आम्ही तिघं प्रार्थना करतो आणि सकाळी यादी करतो. आजच्या यादीत चहा होता."

आम्ही शिक्षक मिळून चौघे. एकजण रोज पूजा करणारी, दोघे सणापुरते, एक देव न मानणारे. त्या वाक्यावर आम्ही नंतर पुष्कळ बोललो. देव न मानणारे म्हणाले, प्रार्थनेने आजार बरा होतो असे मला कोणी सांगू नये. त्यावर दुसरी म्हणाली, पण भाऊंनी तसे म्हटलेच नाही. खरेच, म्हटले नव्हते. रमाबाईंनीही आपली मुलगी श्रद्धेने वाचली असे लिहिलेले नाही, कारण ती वाचली नाही. संकट टळते असा दावा कोणी केला तर आपण जरूर शंका घ्यावी. पण उद्याची यादी करण्याचे बळ एखाद्याला प्रार्थनेतून मिळत असेल, तर ते झाकून ठेवण्याचा आम्हाला काय अधिकार?

आईचे उपचार अजून चालू आहेत. बाबांना वसंतात काम मिळाले, पूर्वीपेक्षा कमी पगाराचे.

ज्या दोन पालकांनी सूचना केली होती त्यांच्याशीही आम्ही बोललो. एकांना पटले. दुसऱ्यांचे म्हणणे असे की आज सहा ओळी, उद्या सहा पाने होतील. त्यांना आम्ही शब्द दिला आहे की उतारा उताऱ्याइतकाच राहील आणि वर्गात कोणाला काय मानावे हे शिकवले जाणार नाही. कोणी काय मानले आणि त्याच्या जोरावर काय केले, एवढे मात्र पूर्ण सांगितले जाईल.

उताऱ्याच्या नव्या प्रती या अंकासोबत जोडल्या आहेत. जुन्या कृपया टाकून द्याव्यात. पुढच्या शनिवारी त्या सहा ओळी मोठ्याने कोण वाचणार असे विचारले तेव्हा चार हात वर आले, त्यातला एक तिचा होता. तिलाच सांगितले आहे. 'अनुष्टुभ' छंदाचा तास त्यामुळे एक आठवडा पुढे गेला आहे.

सुट्टीत वाँटेजला सहल काढायचा विचार आहे. ज्यांच्या गाडीत जागा आहे त्यांनी चहाच्या टेबलावरच्या वहीत नाव लिहावे. डबा आपापला आणावा.

— मोठ्या गटाचे शिक्षक