शेवटचा हिशेब जकातीत बसत नाही

भिवंडीतली बरीच घरे दोन देशांत चालतात. मुलगा, सून, नातवंडे दोहा, कुवेत नाहीतर दुबईला. आणि निजामपुऱ्यातल्या जुन्या घरात म्हातारी आई. तिला सांभाळणारी बाई सकाळी आठला येते. चहा, औषधे, अंघोळ, सौदा, रिक्षाने डॉक्टरकडे नेणे, संध्याकाळी मुलाला व्हिडिओ कॉल लावून देणे, सगळे तिच्याकडे. मग एक दिवस आईचा इंतकाल होतो. चाळीसावा झाला की घराला कुलूप लागते आणि बाईला चालू महिन्याचा पगार, एक जोडा कपडे आणि भरपूर दुवा मिळतात. दहा-बारा वर्षांचे काम तिथे संपते.

मी शिकवते त्या शाळेतल्या काही मुलांच्या आया हेच काम करतात. त्यांचे काम सुटल्याचे मला बहुधा मुलाच्या गैरहजेरीवरून कळते. पन्नाशीला टेकलेल्या बाईला नवे घर लवकर मिळत नाही. मोठा मुलगा मग गोदामात हमालीला जातो, आणि दहावीची परीक्षा राहून जाते.

आता त्याच मुलाचे दोह्यातले घर पाहा. तिथेही घरकामाला बाई असते. कतारच्या 2017 च्या कायदा क्रमांक 15 प्रमाणे नोकरी संपताना तिला दर वर्षामागे निदान तीन आठवड्यांचा पगार द्यावा लागतो. कुवेतने 2015 च्या कायदा क्रमांक 68 मध्ये दर वर्षामागे एक महिन्याचा पगार ठरवला. सौदीची 2013 ची नियमावली कंजूष होती: सलग चार वर्षे झाल्यावर एका महिन्याचा पगार. पण तिथेही काहीतरी होते. आखातात सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. पासपोर्ट काढून घेणारे, पगार थकवणारे मालक तिथे आहेत आणि कायदा प्रत्येक बंद दारामागे पोहोचत नाही. तरी हा पैसा द्यायचा असतो एवढे आपल्या मुलाला तिथे माहीत असते. भिवंडीत उतरला की तो ते विसरतो.

विसरायला आपला कायदा मदत करतो. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याने पाच वर्षांच्या नोकरीनंतर दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार ठरवला, पण तो कारखाने, दुकाने, शाळा अशा दहा किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनांसाठी. स्वयंपाकघर त्यात येत नाही. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याच्या सन्मानधन योजनेत नोंदणी झालेल्या, 55 वर्षांवरच्या बाईला एकदाच 10,000 रुपये मिळतात. ते सरकार देते. जिच्या हातचे जेवण जेवलो तिचे देणे आपल्यावर राहतेच.

महिना 6,000 रुपये पगार आणि अकरा वर्षे काम धरू. आपल्या ग्रॅच्युइटीच्या रीतीने, म्हणजे महिन्याचे 26 दिवस धरून, सुमारे 38,000 रुपये होतात. कतारच्या हिशेबाने 46,200, कुवेतच्या हिशेबाने 66,000. यातली मोठी रक्कमसुद्धा अनेकांच्या मुंबई-कुवेत विमान तिकिटांत निघून जाते. सगळे कुटुंब सुट्टीला येते तेव्हा तर नक्कीच.

यावर मला नेहमी एकच उत्तर मिळते: "बाजी, आम्ही तिला दर रमजानला जकात देतो ना!" जकात देता, चांगले करता. पण जकात हा गरिबाचा हक आहे, ती कामाच्या मोबदल्यात वळती करता येत नाही, हे आपल्याकडे मदरशातले पोरही सांगेल. दोन खाती वेगळी आहेत. मी भाषेची शिक्षिका, म्हणून एक गंमत सांगते: हक्क आणि बक्षीस हे दोन्ही शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले, दोन्ही आपल्याच तोंडातले, आणि तरी बाईला पैसे देताना आपण नेमका दुसराच वापरतो.

दुसरा आक्षेप असा की ती चार घरची कामे करते, आम्हीच का द्यायचे? तुमच्या घरच्या पगारावरच हिशेब करा. हजार रुपये देत असाल तर हजारावर. ती स्वतःहून सोडून गेली तर? पाच वर्षे झाली असतील तर तरीही द्या. शाळेतून राजीनामा दिला तर मलाही मिळेल.

खरी अडचण वेगळीच असते. पाच भावंडे, प्रत्येकजण म्हणतो दुसरा देईल. म्हणून हे आई हयात असतानाच ठरवावे. बाई कधीपासून येते, पगार कधी किती वाढला, हे वहीत लिहून ठेवावे, दर वर्षामागे किती देणार ते तिला तोंडावर सांगावे आणि भावंडांच्या ग्रुपवर टाकावे. एकदा कबूल केले की ते कर्ज झाले. वारसांची वाटणी कर्ज फेडल्यावर होते, आधी नाही. घर बिल्डरला देताना नळपट्टी-घरपट्टीची थकबाकी आपण पैशापर्यंत चुकवतो; त्याच कागदात बाईची रक्कमही लिहावी. आणि पैसे तिच्या स्वतःच्या बँक खात्यात टाकावेत, नवऱ्याच्या किंवा जावयाच्या हातात नाही.