उचल घेतली म्हणजे माणूस विकला गेला का?

रेवदंडा : गणपती आटोपले की अलिबाग, मुरूड, रोहा पट्ट्यातल्या कातकरी वाड्यांवर मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात. लावणी कधीच संपलेली, कापणीला अवकाश, घरात दाणा नाही. अशा वेळी मुकादम हातावर पैसे ठेवतो, ती उचल. दिवाळीनंतर त्या उचलीपोटी अख्खं कुटुंब, पोराबाळांसकट, वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातं. कधी घाटावर, कधी थेट कर्नाटकात. खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी नाव पडलं. आता दुसऱ्यासाठी कोळसा पाडायचा. आठवड्याला खर्चीपुरतं मिळतं. हिशोबाची वही मुकादमाकडे, आणि पावसाच्या तोंडावर ती उघडली की बाकी मजुराच्याच अंगावर निघते.

वाडीत याला कुणी गुलामी म्हणत नाही. पैसे घेतले तर फेडायला नकोत का, असं खुद्द मजूरच म्हणतो. पोलीस ठाण्यातही असं प्रकरण देण्याघेण्याचा वाद म्हणून परत पाठवलं जाऊ शकतं. घोळ इथंच आहे.

वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा, लागू २५ ऑक्टोबर १९७५ पासून. या कायद्याने वेठबिगारीचं कर्ज रद्दच होतं. ते वसूल करणं हाच गुन्हा. साखळदंड लागत नाहीत. उचलीमुळे दुसरीकडे कामाला जाता येत नसेल किंवा भट्टी सोडता येत नसेल, तर ती वेठबिगारी. मजुराने तसं सांगितलं तर ते खोटं ठरवायची जबाबदारी मालकावर आहे, मजुराने कागद दाखवायचे नाहीत. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणं ही सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या मजुरांच्या प्रकरणात सांगितलंय. मजूर आदिवासी असेल तर ॲट्रॉसिटीचं कलमही लागतं.

मग तक्रार कुठं करायची? मारहाण चालू असेल, डांबून ठेवलं असेल तर ११२. पण सुटका ठरते महसूल खात्यात. जिल्हाधिकारी आणि प्रांत यांच्यावर कायद्याने ही जबाबदारी टाकली आहे, दक्षता समित्याही त्यासाठीच. म्हणून अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० नंबर आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचा १४४३३.

यात एक कागद सगळ्यात मोलाचा : मुक्ती प्रमाणपत्र. मजुरांना गाडीत बसवून गावी धाडलं की सुटले, असं समजलं जातं. प्रमाणपत्र नसेल तर सरकारदरबारी ते वेठबिगार नव्हतेच, आणि मुकादम वही घेऊन पुन्हा दारात. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३० हजारांपर्यंत आहे. पुढे पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख, अतिशय छळाच्या प्रकरणांत ३ लाख. मात्र ही मोठी रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे. खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात, त्यात मजुराचा काय दोष, हे योजना आखणाऱ्यांनाच विचारायला हवं.

हे फक्त भट्टीपुरतं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं एखादी मेंढी आणि थोडेफार पैसे देऊन नगर जिल्ह्यात मेंढ्या वळायला नेल्याचं उघड झालं, तेही त्यातली एक मुलगी मेल्यावर. त्याआधी मुलं वाडीवर दिसत नव्हती, हे शाळेला, अंगणवाडीला कळायला नको होतं का? मुलांसाठी १०९८ वर कुणीही कळवू शकतं, नातं सांगावं लागत नाही.

भट्टीवरून चोरून फोन आला, तर घाईत एवढं तरी विचारून घ्यावं : जवळचं गाव आणि तालुका कुठला, मालक नि मुकादम कोण, माणसं किती, त्यात पोरं किती, उचल किती घेतली होती. आणि त्याच नंबरवर उलटा फोन करू नये. तो फोन मुकादमाचाही असू शकतो.