अळीच्या पेशी आणि संशोधनाचा पैसा

मूळची अमेरिका खंडातील लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात आणि पाठोपाठ महाराष्ट्राच्या मक्यावर उतरली, तेव्हा शेतकऱ्याची वैरीण एवढीच तिची ओळख झाली. परंतु याच किडीच्या अंडाशयातून मिळविलेल्या पेशी कित्येक दशके प्रयोगशाळांत वाढविल्या जात आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ज्या कोव्होव्हॅक्स लशीला डिसेंबर २०२१ मध्ये भारतात मान्यता मिळाली, तिचे प्रथिनही अशाच पेशींत घडते.

या पेशींचे याहून अवघड कार्य म्हणजे मानवी ग्राही प्रथिनांची निर्मिती. मज्जातंतूंचे रासायनिक संदेश टिपणारी ही प्रथिने पेशीच्या पटलात रुतलेली असतात. आजच्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधे यांतील एका मोठ्या कुळावर काम करतात. शरीरात ती अत्यल्प असतात आणि जिवाणूंना ती सहसा नीट घडविता येत नाहीत. म्हणून मानवी जनुक बॅक्युलोव्हायरस या कीटकांच्या विषाणूत बसवून त्याची लागण या पेशींना करतात. दोन-तीन दिवसांनी पेशी गोळा करून पटल सौम्य प्रक्षालकात विरघळवितात व हवे ते प्रथिन गाळणस्तंभातून वेगळे काढतात. प्रक्षालकाची निवड चुकली, तर प्रथिनाची घडी मोडते आणि सारे श्रम वाया जातात.

दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉल ज्या ग्राहीवर काम करते, तिचे जनुक १९८६ साली हाती आले. तिची रचना ब्रायन कोबिल्का व त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली ती २००७ साली. २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल कोबिल्का आणि रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांना मिळाले. प्रश्न असा, की एकवीस वर्षे लाभांशाची वाट पाहणारा भागधारक कोठे सापडणार? अशा ज्ञानाचा लाभ सर्वांना होतो. खर्च मात्र एकट्याच्या माथी बसतो. म्हणूनच बाजारपेठ येथे हात आखडता घेते.

आपला संशोधनावरील खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये योजिले गेले. पैकी सुमारे ३६ हजार कोटी सरकारबाहेरून येतील असे गृहीत धरले आहे. उद्योगांनी पैसा द्यावा, हे योग्यच. पण तो मूलभूत संशोधनाकडे वळेल असे मानणे धाडसाचे आहे. कोव्होव्हॅक्सचे उत्पादन पुण्यात झाले, तंत्र मात्र अमेरिकेच्या नोव्हाव्हॅक्सचे होते. उत्पादनातील हे कौशल्य लहान नव्हे. परंतु ज्ञान परक्याचे आणि कारखाना आपला, ही वाटणी कायमची नको असेल, तर त्या एकवीस वर्षांचा खर्च सरकारलाच उचलावा लागेल.