तीन धडे, एक रक्तपेशी

विद्यार्थी मित्रांनो, आनुवंशिकता, उत्क्रांती आणि पर्यावरण हे धडे तुम्ही सुटे सुटे पाठ करता. सिकलसेलचे उदाहरण घ्या. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलते, आणि प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आई-वडील दोघांकडून हे जनुक आले तर आजार. एकाकडूनच आले तर घातक हिवतापापासून बरेच संरक्षण! ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत हे दाखवले. म्हणजे डासांच्या प्रदेशात निसर्गानेच ते राखले. आपल्या नंदुरबार-गडचिरोलीतही ते आढळते. त्याला ‘वाईट रक्त’ म्हणणे शुद्ध अडाणीपणा. मग हिवताप हटला, तर या जनुकाचे काय होईल? शिक्षकहो, हा प्रश्न परीक्षेत का विचारत नाही?