जुनी तबकडी पुसण्याची घाई नको

माजलगावच्या धरणात साठणारे पाणी केवळ सिंदफणेचे नसते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पैठणच्या नाथसागरातून निघालेला उजवा कालवा १३२ किलोमीटर वाट चालून तुमच्या जलाशयाला मिळतो. तिकडचे पाणी इकडे आले की तिकडे तेवढे कमी होते. वाटेत काही मुरते, काहीची वाफ होते. संगणकातील माहितीचे तसे नाही. ती दुसऱ्या साठ्यात नेली तरी मूळ साठा भरलेलाच राहतो. लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलताना हाच फायदा पुष्कळ जण वाया घालवतात, असे माझे मत आहे.

लॅपटॉप मंद का वाटतो, ते आधी पाहू. हार्ड डिस्कमधील चुंबकीय तबकडी मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती नोंद वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिसेकंद लागतात. ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी दहा-बारा. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपाने साठवलेली नोंद सुमारे एकदशांश मिलिसेकंदात मिळते. तेव्हा नव्या लॅपटॉपसाठी घरी हट्ट धरण्यापूर्वी तबकडी तेवढी बदलून पाहावी. (काही लॅपटॉपांत साठवणीची चिप मुख्य पाटीवरच डाख देऊन बसवलेली असते. तिथे इलाज नाही.)

नुसत्या फाइली उचलून नव्या एसएसडीत टाकल्या, तर फोटो जातील, पण यंत्र सुरू होणार नाही; सुरू होण्यासाठी लागणारा भाग फाइलींच्या यादीत दिसतच नाही. म्हणून सबंध तबकडीची हुबेहूब प्रत, म्हणजे 'क्लोन', करतात. २०० गिगाबाइट माहिती सेकंदाला ३० मेगाबाइट या वेगाने जाते असे धरा आणि वहीत गणित मांडा. पावणेदोन तासांहून अधिक वेळ येतो ना? मध्येच वीज गेली आणि बॅटरी मेलेली असेल, तर प्रत अर्धवट राहील. राहू द्या, मूळ शाबूत आहे! भीती एकच: 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल. कोरी तबकडी भरलेलीवर उमटली, तर सारेच गेले. बटण दाबण्यापूर्वी दोघांनी मिळून नावे वाचावीत.

नवी एसएसडी चालू झाली की लगेच जुनी पुसून तीत सिनेमे भरण्याची घाई होते. माझा आक्षेप इथे आहे. यंत्र सुरू झाले म्हणजे सगळे आले, असे नव्हे. जुन्या तबकडीचा एखादा भाग वाचताच आला नसेल, तर नेमकी आजीच्या आवाजाची फाइल मोडकी निघते आणि ते कळायला दोन महिने जातात. तोवर जुनी तबकडी कुलपात असू द्या. विकायची वेळ आली, तर मात्र नुसते 'डिलीट' पुरत नाही. त्याने यादीतले नाव जाते, मजकूर राहतो. संपूर्ण तबकडीवर नवे लेखन करून मगच ती द्यावी.

शिक्षकांना एक विनंती. शाळेतील संगणकाची तबकडी बदलायची असेल, तेव्हा तो दुकानात पाठवण्याऐवजी हे काम वर्गात, मुलांच्या देखत करावे. स्क्रू मुलांनाच काढू द्यावेत.